ताईंना विचारा : दिसपूर अलीकडे की पलीकडे?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाच वर्षांची आहे, मोठ्या गटात जाते. स्नेहसंमेलनात म्हणायला शाळेने देशातली सगळी राज्यं आणि राजधान्या पाठ करून घ्यायला सांगितल्यात. रोज संध्याकाळी आम्ही दोघी त्यासाठी बसतो. निम्म्याहून जास्त झाल्यात. परवा आसामची राजधानी म्हणता म्हणता मध्येच तिने विचारलं, "आई, दिसपूर आजीच्या घराच्या अलीकडे आहे की पलीकडे?" तिचं आजोळ वाईला. मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिला घरच्या घरी खरा भूगोल कसा शिकवू? भिंतीवर नकाशा लावू का?
– एक आई, कराड

उत्तर : तुमच्या मुलीने फार चांगला प्रश्न विचारलाय. तिला ठाऊक असलेल्या सगळ्यांत लांबच्या ठिकाणाच्या मापाने ती नव्या ठिकाणाचा अंदाज घेतेय. याच वाटेने तिला पुढे नेऊ.

पाठांतराचं आधी सांगते. २८ राज्यं आणि त्यांच्या राजधान्या या वयाच्या मुलांना गाण्यासारख्या पाठ होतात. त्यावरून शाळेशी वाद घालू नका, मुलीलाही नाउमेद करू नका. वेणी घालताना म्हणून घ्या, तेवढं पुरे. संध्याकाळचा निवांत वेळ मात्र त्यात घालवू नका, तो आपल्याला हवाय.

सुरुवात घराच्या उंबऱ्यापासून करा. एखाद्या रविवारी तिला घेऊन शाळेपर्यंत चालत जा. गाडीवर पुढे उभं राहून जाणाऱ्या मुलाला रस्ता दिसतो पण कळत नाही, कारण वळायचं कुठे हे त्याला ठरवावं लागत नाही. त्या दिवशी वाट तिने दाखवायची. प्रत्येक कोपऱ्यावर थांबा आणि "आता कुठे?" एवढंच विचारा. चुकीच्या गल्लीत शिरली तरी रहदारी नसेल तर जाऊ द्या. दहा-वीस पावलांवर तिचं तिलाच काहीतरी निराळं वाटेल. ती थांबेल, मागे वळून बघेल. त्या मागे वळून बघण्यात ती जे शिकते ते सांगून शिकवता येत नाही.

घरी आल्यावर फरशीवर खडूने तो रस्ता काढायला सांगा. घरं, दुकानं, देऊळ यांच्यासाठी रिकाम्या काडेपेट्या, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, जे असेल ते द्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा असंच आजूबाजूला मिळणारं साहित्य मुलांच्या हाती दिलं होतं. विकतचं काही लागत नाही.

आता एक जपा. तिचा नकाशा बेढब होणार. माझ्या बालवाडीत एक मुलगा होता. त्याने काढलेल्या रस्त्यावर शाळा काडेपेटीएवढी होती आणि वाटेतला एक कट्टा चांगला पाटाएवढा. मी विचारलं, इथे काय आहे? तर म्हणाला, "इथं कुत्रं बसतं." त्या कट्ट्याच्या अलीकडे तो रोज थांबायचा, जरा धीर करायचा आणि मग पळत सुटायचा. त्याच्या सकाळचा सगळ्यांत मोठा भाग त्या कट्ट्यापाशीच जायचा, म्हणून कट्टा मोठा. असलं काही दुरुस्त करायला सांगू नका. लहान-मोठं प्रमाणात काढणं पुढे आपोआप जमतं. तुम्ही दोनच गोष्टी बघा : कशाच्या नंतर काय येतं याचा क्रम बरोबर आहे का, आणि दुकान रस्त्याच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला तिने ठेवलंय का. तिथे अडली तर उत्तर सांगू नका, दुसऱ्या दिवशी जाताना दोघी मिळून बघून या.

नकाशात मुलांना सगळ्यांत अवघड जातं ते 'वरून बघणं'. मुलांनी घर बघितलेलं असतं समोरून : दार, खिडकी, वर तिरकं छप्पर. नकाशात यातलं काहीच नसतं. यासाठी स्वयंपाकघरातला एक खेळ आहे. कागदावर पेला, वाटी, पोळ्यांचा डबा आणि चौकोनी खोडरबर ठेवा. तिला स्टुलावर उभं करून वरून बघायला सांगा. मग प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिल फिरवून वस्तू उचला. कागदावर तीन गोल आणि एक चौकोन उरेल. "यातला पेला कुठला?" म्हणून विचारा. उंच पेला आणि बुटकी वाटी कागदावर सारखीच दिसतात हे पाहून मुलं चकित होतात. हा खेळ पुन्हापुन्हा खेळा. तो जमला की खोलीचा नकाशा काढा, पलंग आणि कपाट कुठे ते दाखवा. आणि मग खडूचा रस्ता कागदावर उतरवा.

दिशांच्या बाबतीत मात्र घरोघरी एक घोळ होतो. मुलाला उभं करून आपण शिकवतो, "उजवा हात पूर्व, डावा हात पश्चिम." मुलाने तोंड फिरवलं की सगळंच उलटं होतं. तुम्ही वाईला एसटीने जाता तेव्हाचंच बघा. कराडहून उंब्रज, सातारा, पाचवड असं जाताना गाडीचं तोंड साधारण उत्तरेला असतं, म्हणून सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून येतं. संध्याकाळी परत येताना तोंड दक्षिणेला, आणि मावळतीचं ऊन पुन्हा उजव्या खिडकीतूनच! सकाळी उजवीकडे पूर्व होती, संध्याकाळी उजवीकडे पश्चिम आली. तेव्हा हात आणि दिशा यांची गाठ अजिबात घालू नका. पूर्व म्हणजे 'आपल्या घरातून सूर्य ज्या बाजूला उगवतो ती बाजू', इतकंच. घराच्या चार भिंतींना चार दिशांची नावं द्या : स्वयंपाकघराची भिंत पूर्व असेल तर ती कायम पूर्व, मूल कुठेही तोंड करून बसो.

सूर्यसुद्धा अगदी एका जागी उगवत नाही. साधारण २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तो नेमका पूर्वेला उगवतो. थंडीत दक्षिणेकडे सरकलेला असतो, मे-जूनमध्ये उत्तरेकडे. गच्चीच्या कठड्यावर ठरलेल्या जागी उभं राहून संक्रांतीच्या सुमारास सूर्य कुठल्या घरामागून, कुठल्या झाडामागून वर येतो ते चित्र काढून ठेवा, आणि मेच्या सुट्टीत पुन्हा काढा. कारण सांगायची आत्ता गरज नाही. तिने स्वतः बघितलेलं असलं म्हणजे सहावी-सातवीत पुस्तकात ते वाचताना ओळखीचं वाटेल. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तुमच्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो दिवस बघून ठेवा आणि तिला उन्हात पाचच मिनिटं न्या. पायाखालची सावली शोधणारं मूल बघण्यासारखं असतं.

आणि तुम्ही कराडला राहता! भूगोल शिकवायला यापेक्षा चांगलं गाव मी तरी सांगू शकणार नाही. प्रीतिसंगमावर तुम्ही कित्येकदा गेला असाल, भेळ खाऊन परत आला असाल. यावेळी तिला फक्त पाणी दाखवा. कृष्णा कुठल्या बाजूने येतेय, कोयना कुठल्या, दोघी समोरासमोर येऊन कशा मिळतात आणि मग एक होऊन पूर्वेकडे कशा वळतात. दोघींचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरावर. एक वाईवरून, साताऱ्याजवळच्या माहुलीवरून आली. दुसरी डोंगराच्या मागून कोयनानगर, हेळवाकवरून, वाटेत मोठ्या धरणातून आली. एकाच डोंगरावरून निघाल्या, वेगवेगळ्या वाटांनी चालल्या आणि तुझ्या गावात भेटल्या, असं सांगा. (पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हा पायऱ्या उतरू नका, वरच्या बागेतूनच बघा.)

मग पुढच्या वेळी आजोळी गेलात की घाटावर ढोल्या गणपतीपाशी तिला नेऊन सांगा, "हे पाणी आपल्या कराडला चाललंय." आजीचं घर आणि तिचं घर एका नदीवर आहे हे तिला त्या क्षणी कळेल, आणि नदी म्हणजे काय हेही. ती हमखास विचारेल, "कराडच्या पुढे कुठे जाते?" सांगलीला, नरसोबाच्या वाडीला, तिथे पंचगंगा भेटते, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि शेवटी बंगालचा उपसागर. जवळजवळ १४०० किलोमीटरची वाट. उगमापासून पश्चिमेचा अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही, तरी ती तिकडे जात नाही. का, ते मातीत करून दाखवा. परातीत ओली माती घेऊन एका कडेला डोंगराची उभी रांग करा, रांगेच्या आतल्या अंगाला जमीन हळूहळू उतरती ठेवा आणि माथ्याच्या आतल्या बाजूला पेल्याने पाणी सोडा. पाणी रांग चढून जवळच्या कडेला जाणार नाही, उताराने लांबच्या कडेला जाईल. सह्याद्री तिला तेवढ्यात समजेल.

एवढं झाल्यावर नकाशा आणा. भिंतीवर मात्र लगेच टांगू नका. टांगलेल्या नकाशात उत्तर 'वर' असते, आणि मूल आभाळाकडे बोट दाखवून उत्तर म्हणतं. जमिनीवर पसरा आणि नकाशाची उत्तर घराच्या उत्तरेकडे करा. आधी कराड, सातारा, वाई एवढंच शोधा. निळ्या रेघेवरून बोट फिरवत वाईहून कराडला या.

दिसपूर राहिलं. तिला सांगा, वाईच्या पुष्कळ पलीकडे, पण त्या वाटेवर नाही. वाई आपल्या उत्तरेला, दिसपूर उत्तर आणि पूर्व यांच्या मधल्या बाजूला. वाईला एसटीने दोन-अडीच तासांत पोचतो. दिसपूरला जायचं तर रेल्वेत दोन-तीन रात्री झोपावं लागेल. ते गुवाहाटी शहरातच आहे, आणि गुवाहाटीही कराडसारखी नदीकाठी, ब्रह्मपुत्रेच्या. एका राजधानीबद्दल इतकं कळलं तर बाकीच्या राजधान्या तिला नुसत्या पाठ असल्या तरी चालेल.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा. "आपण कोल्हापुरात राहतो" हे त्याला पक्कं माहीत आहे. पण "आपण महाराष्ट्रात राहतो" म्हटलं की रडकुंडीला येतो : "नाही, कोल्हापुरातच!" त्याला समजायला काही अडचण आहे का?
– एक बाबा, कोल्हापूर

उत्तर : काहीच अडचण नाही, निश्चिंत राहा. एका वेळी दोन ठिकाणी कसं असता येईल, हा त्याचा आक्षेप आहे आणि त्याच्या वयाला तो बरोबर आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जिनिव्हातल्या मुलांना असेच प्रश्न विचारले होते. तिथली लहान मुलंही मानायला तयार नव्हती की एकच माणूस जिनिव्हाचा आणि स्वित्झर्लंडचाही असू शकतो. ही गोष्ट पुढे दहा-अकरा वर्षांच्या आसपास नीट उमगते.

तोवर वाद घालू नका. घरात एकात एक बसणारे स्टीलचे डबे असतीलच. सगळ्यांत लहान डब्यात त्याचं एखादं आवडतं खेळणं ठेवा. हे आपलं घर. ते गल्लीच्या डब्यात, गल्ली कोल्हापूरच्या डब्यात, कोल्हापूर महाराष्ट्राच्या, महाराष्ट्र भारताच्या. झाकण लावून विचारा, "खेळणं घरात आहे का? कोल्हापुरात आहे का? भारतात आहे का?" त्याने डबे उघडून बघावेत, पुन्हा घालावेत. मधल्या पायऱ्या, तालुका आणि जिल्हा, आत्ता वगळा. कोल्हापूर शहर आणि कोल्हापूर जिल्हा यांचं नाव एकच असल्याने तुमच्याकडे गोंधळ वाढेल. हा खेळ झाल्यावरही तो "कोल्हापुरातच" म्हणाला तर "हो, कोल्हापुरात" म्हणा.

प्रश्न : भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला भूगोलाशी संबंधित काहीतरी द्यायचंय. पृथ्वीगोल, महाराष्ट्राचं जिल्ह्यांचं पझल की टॅबलेटवरचं ॲप?
– एक मावशी, नाशिक

उत्तर : ॲप नको. पाच वर्षांच्या मुलाला हातात धरायला, फिरवायला, उलटं करायला काहीतरी हवं.

पृथ्वीगोल द्या, स्टँडवाला नसला तरी चालेल. हवा भरायचा, चेंडूसारखा मिळतो तो या वयाला उत्तम. घेताना भारताची सीमा नीट बघा. बाहेरून आलेल्या पुष्कळ गोलांवर जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. 'सर्व्हे ऑफ इंडिया'च्या नकाशाशी ताडून मगच घ्या. जगाच्या सपाट नकाशापेक्षा गोल बरा, याला आणखी एक कारण आहे. भिंतीवरच्या पुष्कळ नकाशांत ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदा पट आहे. पहिल्यांदा बघितलेला आकार मनात फार टिकतो, तेव्हा तो खराच बघितलेला बरा.

पझल घ्यायचं तर जिल्हे मोजा, ३६ हवेत. पालघर २०१४ साली वेगळा झाला, त्याआधीचा साचा वापरलेली पझल्स अजूनही दुकानांत असतात. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावंही बघून घ्या.

खरी भेट द्यायची तर तिला एक दिवस त्र्यंबकेश्वरला न्या, ब्रह्मगिरी दाखवा आणि सांगा, गोदावरी इथून निघते. परत येऊन रामकुंडावर उभं राहा. वाढदिवस उन्हाळ्यात असेल तर हा बेत पावसानंतर करा, डोंगरावरून वाहणारं पाणी डोळ्यांनी दिसायला हवं.

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीत असतो, पाच वर्षांचा आहे. रविवारी सकाळी साडेसहाला आमचा व्हिडिओ कॉल असतो. माझ्या अंगणातला उजेड बघून म्हणतो, "आजी, इथे तर रात्र आहे, तुझ्याकडे सकाळ कशी?" त्याला कसं समजावू? आणि आपलं गाव, आपला भाग त्याला कळावा असं फार वाटतं.
– एक आजी, रत्नागिरी

उत्तर : तुमच्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ असतात, हिवाळ्यात आठ, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ तासभर मागे-पुढे करतात. पाच वर्षांच्या मुलाला तासांचा हिशेब देऊ नका, त्याला उजेड-अंधार दाखवा. त्याच्या आईला एक मोठा चेंडू घ्यायला सांगा. चेंडूच्या एका बाजूला लाल टिकली, ती रत्नागिरी. जवळजवळ विरुद्ध बाजूला निळी टिकली, ते न्यू जर्सी. दिवे मालवून टॉर्च एका जागी ठेवायचा आणि चेंडू डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायचा. लाल टिकली उजेडात येईल तेव्हा निळी अंधारात गेलेली असेल. चेंडू त्यालाच फिरवू द्या, आणि त्याच वेळी तुम्ही फोन अंगणाकडे करा. टिकलीवरचा उजेड आणि तुमच्या माडांवरचं ऊन त्याला एकदमच दिसायला हवं.

गाव कळावं ही तुमची ओढ मला अगदी समजते. त्यासाठी कोकणाची माहिती सांगायला बसू नका. दर वेळी एकच वस्तू जवळून दाखवा. एकदा चिऱ्याची भिंत, इतक्या जवळून की जांभ्याची भोकं दिसली पाहिजेत. एकदा विहीर आणि रहाट. एकदा मांडवी बंदरावरून समुद्र, आणि सूर्य त्यात मावळतो तेही (तेवढा कॉल संध्याकाळी करा), म्हणजे समुद्र पश्चिमेला आहे हे न सांगता कळेल. मूठभर लाल माती पाठवायचा मोह होईल, पण परवानगीशिवाय माती अमेरिकेत नेता येत नाही, तेवढं टाळा.

मेअखेरीपासून दोघांनी मिळून पावसाची वाट बघा. पश्चिम किनाऱ्याचा साधा नकाशा सुनेकडून छापून घ्या. केरळात पाऊस साधारण १ जूनला येतो, मुंबईत साधारण ११ जूनला, तुमचं रत्नागिरी त्याच वाटेवर. पाऊस आला अशी बातमी आली की त्या जागी त्याने निळा थेंब काढायचा. केरळ, मग कर्नाटकचा किनारा, मग गोवा, आणि मग एका सकाळी तुम्ही पागोळ्यांखाली हात धरून त्याला दाखवायचं. दक्षिणेकडून उत्तरेकडे काहीतरी सरकत येतं आणि आजीच्या घरी पोचतं, हे त्याने थेंबाथेंबाने काढलेलं असेल. त्याच्याकडे बर्फ पडेल तेव्हा त्याने तुम्हाला दाखवायचं. रत्नागिरीत अंगणातलं पाणी कधी गोठत नाही, हे त्याला खरं वाटणार नाही. खुशाल सांगा.

आणि त्यालाही शिकवू द्या. त्याच्या शाळेची वाट त्याने कागदावर काढून तुम्हाला समजवावी. वर कराडच्या आईला लिहिलंय ते सुनेला वाचून दाखवा, तिकडच्या गल्लीतही ते चालेल. हे सगळं एका कॉलमध्ये कोंबू नका, या वयाची मुलं दहा मिनिटांत उठून जातात. पुढच्या रविवारी फक्त चेंडू. सुनेला आधी कळवून ठेवा, टॉर्चमधले सेल बघून घे म्हणावं.